टेस्टला ३० पैकी ७ आले, आता इंजिनीअरिंग सोडून देऊ का?

"ताई, मी दिंडोरी तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग तालुक्याच्या गावी अकरावी-बारावी सायन्स, सीईटीला ९१ पर्सेंटाइल. कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेश फेरी) नाशिकला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळालं तेव्हा घरात सगळे खूश होते. आता गंगापूर रोडला तीन मुलींसोबत रूमवर राहते. लेक्चरमधलं निम्मं डोक्यावरून जातं. पहिल्या टेस्टला एम-वनमध्ये (गणिताचा पहिला पेपर) ३० पैकी ७ आले, ड्रॉइंगची शीट दोनदा परत आली. माझ्या रूममेटला कोडिंग आधीपासूनच येतं, तिचं सगळं पटापट होतं. पप्पांवर सोसायटीचं कर्ज आहे तरी त्यांनी फी भरली. आता द्राक्षांची छाटणी चालू आहे, तरी रोज रात्री फोन करतात आणि मी 'मस्त चाललंय' सांगते, मग बाथरूममध्ये जाऊन रडते. कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये. मी चुकीच्या ठिकाणी आलेय का? सोडून गावाकडे बीएस्सी करू का? घरी सांगू का? इंग्लिशचं काय करू? आणि लॅपटॉप आत्ताच घ्यावा लागेल का? नाव छापू नका."

अगं, बाकी सगळं नंतर, आधी त्या एका वाक्याचं बोलू. "सकाळी उठूच नये" असं लिहिलंस आणि लगेच पुढच्या ओळीत बीएस्सीवर गेलीस, जसं काही ते चुकून लिहिलं गेलं. मी ते तसंच सोडून पुढे जाणार नाही. याचे दोन अर्थ होतात. एक, इतकी दमलेय की अजून एक दिवस कॉलेजला जायचं जिवावर आलंय, आणि फर्स्ट इयरच्या ऑक्टोबरमध्ये असं बऱ्याच पोरांना वाटतं. दुसरा, जगायचंच नाहीये. तुझा कुठला ते तुलाच माहीत. पण दुसरा असेल, किंवा नेमका कुठला हे तुझं तुलाच कळत नसेल, तर हे पुढचं वाचायचं राहू दे आणि आत्ताच १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस म्हणतात, सरकारची फुकट लाइन आहे, २४ तास चालू असते, मराठीत बोलता येतं. रूममधल्या ज्या मुलीशी त्यातल्या त्यात जमतं तिला आज रात्री सांग की मला एकटीला सोडू नको. आणि नुसतं दमणं असलं तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही असं दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरला दाखव, सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग आहे, तिथे जाण्यात काडीची लाज नाही. एम-वनपेक्षा तू मोठी आहेस, हे मी अगदी मनापासून लिहितेय.

आता मार्कांचं. "मला जमतच नाहीये" असं तू म्हणतेस आणि पुरावा म्हणून ते सात मार्क दाखवतेस. मी फर्स्ट इयरला गणित शिकवते, बऱ्याच बॅचेस हाताखालून गेल्या, आणि पहिल्या टेस्टचे हे सहा-सात-आठ मार्क मी दरवर्षी बघते. त्यात बारावीला नव्वदच्या वर असलेली पोरं असतात, सीईटीला तुझ्यापेक्षा पुढे असलेली असतात. एवढ्या सगळ्यांची बुद्धी एका उन्हाळ्यात कुठे पळून गेली का? परीक्षा बदललीये आणि अभ्यास मात्र अजून जुन्याच पद्धतीने चाललाय, एवढंच झालंय, आणि हे तुला कोणी सांगितलंच नाहीये.

सीईटी आठव. गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, चार ऑप्शन समोर, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यासाठी दोन वर्षं तू काय शिकलीस, तर ऑप्शन टाकून बघायचे, चुकीचे उडवायचे, शॉर्टकट पाठ करायचे, काहीच नाही सुचलं तर तुक्का मारायचा. आणि ते बरोबरच होतं, त्या परीक्षेला तेच लागतं. युनिव्हर्सिटीचा पेपर ७० मार्कांचा, अडीच तासांचा. हिशोब कर, दोन मिनिटाला साधारण एक मार्क, म्हणजे पाच मार्कांच्या एका गणिताला दहा मिनिटं. दहा मिनिटं एकच गणित लिहीत बसायची सवय तुझ्या हाताला नाहीये, मनालाही नाहीये, दोन मिनिटात आलं नाही की तुला वाटतं मला येतच नाही आणि तू पुढच्यावर उडी मारतेस. बरं इथे मार्क स्टेपला असतात. शेवटचं उत्तर चुकलं तरी पाचातले तीन-साडेतीन पदरात पडतात, आणि नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर हाती फारसं काही लागत नाही.

तुझा टेस्टचा पेपर परत मिळाला असेल तर काढ आणि लाल पेन कुठे कुठे थांबलंय ते बघ. मी तुझा पेपर बघितलेला नाही, पण असे पेपर गठ्ठ्याने तपासलेत, आणि कमी मार्कांच्या पेपरात हमखास दोन-तीन गणितं अशी असतात की पोरीला काय करायचं ते माहीत होतं, सुरुवात बरोबर आहे, मग मधल्या चार ओळी गायब आणि एकदम कोपऱ्यात उत्तर, किंवा अर्ध्यावर सोडून दिलंय.

एक साधं उदाहरण दाखवते म्हणजे कळेल मी काय म्हणतेय. मॅट्रिक्सची आयगन व्हॅल्यू काढायचीये, पहिली ओळ ४, १ आणि दुसरी ओळ २, ३. शॉर्टकटवाली पोरं लगेच म्हणतील ५ आणि २, आणि ते बरोबरही आहे. पण पेपरात काय लिहायचं? आधी कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन म्हणजे काय ते एका ओळीत, मग डिटरमिनंट मांडायचा, मग तो सोडवून लॅम्डा स्क्वेअर वजा सात लॅम्डा अधिक दहा बरोबर शून्य, मग त्याची मुळं ५ आणि २. मग प्रत्येक व्हॅल्यूसाठी वेगळं सेट ऑफ इक्वेशन्स मांडून आयगन व्हेक्टर काढायचा, ५ साठी १, १ आणि २ साठी १, उणे २. या प्रत्येक टप्प्याला मार्क ठेवलेले असतात. आणि तुझा तो शॉर्टकट वाया जात नाही, तो आता पडताळ्याला वापर. कर्णावरच्या आकड्यांची बेरीज ४ अधिक ३ म्हणजे ७, आयगन व्हॅल्यूंची बेरीजही ७ आलीच पाहिजे. डिटरमिनंट १२ वजा २ म्हणजे १०, त्यांचा गुणाकारही १० आलाच पाहिजे. पेपरात पंधरा सेकंद लागतात याला आणि तीन बाय तीनचं मोठं गणित पुढे नेण्याआधी कळतं की मी बरोबर रस्त्यावर आहे की नाही.

म्हणून करायचं काय, तर सोडवलेलं गणित वाचायचं बंद. पोरं रात्री डिकोड (सोडवलेल्या गणितांचं गाइड) घेऊन बसतात, सोल्व्ह केलेली गणितं वाचत जातात, प्रत्येक ओळ वाचताना वाटतं हो हो कळलं, आणि पेपरात कोरं पान बघितल्यावर पहिली ओळच सुचत नाही. तू पुस्तक मिटव, कोरा कागद घे आणि गणित सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिही, अडली की पुस्तक उघडून तेवढीच ओळ बघ, परत मिटव. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गणित परत, या वेळी न बघता. रोज एम-वनची तीन गणितं एवढीच कर, जास्त नको, पण कॉलेजच्या सगळ्या दिवशी. मागच्या वर्षांचे युनिव्हर्सिटीचे पेपर घे, त्यातून समजतं की कुठल्या युनिटवर कसे प्रश्न येतात. घड्याळ लावून एकेक गणित दहा मिनिटात लिहायची प्रॅक्टिस पेपरच्या आदल्या महिन्यात करायची, आत्ता नाही. आत्ता वीस मिनिटं लागली तरी लागू देत.

आणि स्टाफरूममध्ये जा. हे मी हात जोडून सांगते कारण तुझ्यासारख्या मुली येतच नाहीत, दारापर्यंत येऊन परत जातात. त्यांना वाटतं सर म्हणतील एवढंही येत नाही का. "सर मला काहीच कळत नाही" असं म्हटलं तर कुठल्याही सरांना कुठून सुरू करायचं ते कळत नाही, त्यामुळे वही घेऊन जा आणि बोट ठेवून सांग की इथपर्यंत आलं, या ओळीवरून पुढे कसं गेले ते कळलं नाही. मराठीत विचार. समोरचे सर बहुतेक वेळा येवल्याचे नाहीतर सटाण्याचे निघतात, तेही मराठी शाळेतूनच आलेले असतात. एखादे सर तुसड्यासारखं बोललेच तर दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅडमना विचार, विषय तोच आहे. तुझ्या बॅचला जे मेंटॉर दिलेत, गार्डियन फॅकल्टी म्हणतात काही ठिकाणी, त्यांच्याकडेही एकदा जाऊन ये, त्यांचं ते कामच आहे.

इंग्लिशचं तू फार मनाला लावून घेतलंयस. अकरावी-बारावीचं फिजिक्स-केमिस्ट्री तू इंग्लिशमध्येच वाचलंस आणि लिहिलंस ना? म्हणजे वाचता येतं, लिहिता येतं. जड जातंय ते फास्ट बोललेलं ऐकताना आणि ओरलला तोंड उघडताना. ऐकायचं सोपं करायला एकच गोष्ट कर, उद्या जे शिकवणार आहेत त्याची दोन पानं आदल्या रात्री नुसती नजरेखालून घाल, समजली नाही तरी चालतील. सर्किटमधले नोड, ब्रँच, लूप, मेश हे शब्द एकदा डोळ्याखालून गेले असले की लेक्चरमध्ये ते कानाला नवीन वाटत नाहीत आणि तुझं लक्ष सर काय करतायत तिकडे राहतं. बेंच पहिल्या तिनातला पकड, मागे बसून तर मलाही काही कळणार नाही. एखादा विषय इंग्लिशमधून अजिबातच उलगडला नाही तर एआयसीटीईचं ई-कुंभ नावाचं पोर्टल आहे, तिथे फर्स्ट इयरच्या विषयांची मराठी पुस्तकं फुकट मिळतात, आधी मराठीत समजून घे आणि मग पेपरासाठी इंग्लिशमध्ये लिही. ओरलसाठी मात्र तोंडानेच प्रॅक्टिस करावी लागते, त्याला इलाज नाही. प्रॅक्टिकल झालं की त्याच संध्याकाळी रूममेटला समोर बसवून दोन मिनिटं सांग की आज काय मोजलं, कशाने मोजलं, रीडिंग काय आलं. ग्रामर चुकू दे. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, ग्रामर तपासायला आलेले नसतात, त्यांना एवढंच बघायचं असतं की हिने प्रयोग स्वतः केलाय की जर्नल उतरवलंय.

ड्रॉइंगची शीट परत आली म्हणून तू त्याला मार्कांच्या पंगतीत बसवलंस, ते वेगळं ठेव. शीट परत येण्याची कारणं बऱ्याचदा अगदी किरकोळ असतात, कन्स्ट्रक्शन लाइन गडद काढली, डायमेन्शन राहिलं, ड्राफ्टर नीट घट्ट केला नव्हता म्हणून रेघ तिरकी गेली, हाताने ग्रॅफाइट पसरून शीट काळी झाली. टूएच पेन्सिलने हलकं काढ, एचने फायनल कर, हाताखाली कोरा कागद ठेव, निम्मी शीट तिथेच सुधारते. उरलेली निम्मी म्हणजे डोळ्यासमोर चित्र न येणं, प्रोजेक्शन ऑफ लाइन्सला तर भल्याभल्यांना येत नाही. त्याला हे करून बघ. वही उघड आणि काटकोनात धर, एक पान टेबलावर आडवं, एक पान मागे उभं. आडवं ते एचपी (हॉरिझॉन्टल प्लेन), उभं ते व्हीपी (व्हर्टिकल प्लेन), मधली घडी म्हणजे तुझी एक्स-वाय लाइन. आता पेन्सिल त्या कोनात हवेत धर, थोडी तिरकी. समोरून बघितल्यावर मागच्या पानावर जी दिसते ती एलिव्हेशन, वरून बघितल्यावर खालच्या पानावर जी दिसते तो प्लॅन. मग वही सपाट कर. एलिव्हेशन घडीच्या वर गेली आणि प्लॅन खाली आला, हेच तर आपलं फर्स्ट अँगल प्रोजेक्शन. आणि पेन्सिल दोन्ही पानांना तिरकी धरलीस की दोन्हीकडे ती आखूड दिसते, खरी लांबी कुठेच दिसत नाही, म्हणून तर ती ट्रू लेंग्थ फिरवून काढत बसावी लागते. बोर्डवर तीन लेक्चर ऐकून जे डोक्यात शिरत नाही ते वही हातात धरल्यावर पाच मिनिटात शिरताना मी बघितलंय.

ईएनटीसीला ड्रॉइंग कशाला असं तुझ्या मनात येत असेल. जमलं तर एखाद्या शनिवारी अंबडला ओळखीच्या कोणाच्या तरी शॉपमध्ये जाऊन ये, तुमच्याकडचं कोणी ना कोणी सातपूर-अंबडला कामाला असतंच. जॉब वर्क करणारं छोटंसं शॉप असलं तरी चालेल. मशीनशेजारी तेलाचे डाग पडलेला एक कागद लावलेला असतो, त्यावर हेच तीन व्ह्यू असतात आणि ऑपरेटर त्यावरून मापं घेऊन पार्ट काढत असतो, कोणाला काही विचारत नाही. सर्किट तू केलंस तरी ते बसवायचा डबा कोणीतरी असाच कागद बघून बनवणार आहे, तो कागद तुला वाचता यायला हवा.

रूममेटचं एवढंच सांगते की तिला कोडिंग येतं याचा तुझ्या एम-वनशी काही संबंध नाही. प्रोग्रामिंग तुमच्या सिलॅबसमध्ये शून्यापासून शिकवतात, व्हेरिएबल म्हणजे काय इथपासून. तिच्याकडे बघून घाबरण्यापेक्षा तिला तुझं कुठलं तरी काम येत नसेल ते शोध आणि अदलाबदल करा, तू तिला केमिस्ट्री समजाव, ती तुला कोडिंगमधला लूप समजावेल. चौघी एका रूममध्ये राहताय, एवढा फायदा तर घ्यायलाच हवा. तीही रात्री कशासाठी तरी रडत असेल, तुम्ही एकमेकींना सांगितलेलं नसेल एवढंच.

आता पप्पा. हो, सांग. फोनवर नाही, येत्या शनिवारी दुपारी गाडी पकड आणि घरी जाऊन सांग, रविवारचं आईच्या हातचं जेवून ये. तू लपवतेयस ते त्यांच्या काळजीपोटी हे मला कळतंय, ऑक्टोबर छाटणीचे दिवस, मजुरांची मारामार, त्यात अवकाळीची धास्ती, फवारण्यांचा खर्च, त्यात आपलं रडगाणं कशाला. पण रोज रात्री 'मस्त' म्हणून तू स्वतःला अजून एकटं पाडतेयस, आणि पुढे रिझल्ट लागेल तेव्हा त्यांना एकदमच कळणार, ते त्यांना जास्त लागेल. त्यांना असं सांग की पप्पा, एका विषयात मी मागे पडलेय, कारण सापडलंय, रोज हे हे करतेय, मला दुसरं सेमिस्टर संपेपर्यंत वेळ द्या आणि तोपर्यंत मार्क विचारू नका. त्यांना समजवायला तुला माझी गरज नाही, बागाईतदार माणूस आहे. एप्रिलची खरड छाटणी झाली की कोणी वेलीवर घड शोधत बसत नाही, तेव्हा काडी तयार होत असते आणि माल कसा येणार ते तिथेच ठरत असतं, हे ते तुझ्या जन्माआधीपासून करतायत. हेच त्यांना त्यांच्या भाषेत सांग, लगेच समजेल. आई आधी घाबरेल, तिला घाबरू दे थोडा वेळ.

सोडून बीएस्सी करू का, याचं माझं उत्तर आत्ता तरी नाही असं आहे. बीएस्सी कमी आहे म्हणून नव्हे, चांगली डिग्री आहे आणि तुझं फिजिक्स चांगलं असेल तर उद्या तुला ती आवडूही शकते. पण या वर्षीचे प्रवेश होऊन गेलेत, आत्ता सोडलंस तर जूनपर्यंत घरी बसावं लागणार आणि ते सात-आठ महिने या रूमपेक्षा वाईट जातील. दुसरं म्हणजे तू आत्ता जे बघतेयस ते इंजिनीअरिंग नाहीच, फर्स्ट इयरला सगळ्या ब्रँचला जवळपास सारखेच विषय असतात, तुझं खरं ईएनटीसी सेकंड इयरला सुरू होतं. ते न बघताच सोडायचं कशाला? दोन सेमिस्टर नीट अभ्यास करून बघ, आणि मग स्वतःला मार्कांबद्दल विचारू नकोस, असं विचार की इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सर्किट जोडताना मला मजा येते का, ते चाललं नाही तर का चाललं नाही हे शोधावंसं वाटतं का. नसेल वाटत, मनापासून कंटाळा येत असेल, तर मीच तुला म्हणेन की बाई बदल, आणि तेव्हा घरच्यांना समजावायला मला पत्र पाठव.

केटीची, म्हणजे विषय राहण्याची भीतीही असेल. एखादा विषय राहिला तर एटीकेटी मिळते, पुढे तो पेपर परत देता येतो, त्यात बदनामी वगैरे काही नाही. फक्त ते साठू देऊ नकोस, कारण ठराविक क्रेडिटपेक्षा जास्त राहिलं की वर्ष अडकतं, आणि तो नियम अभ्यासक्रमाच्या पॅटर्नप्रमाणे बदलतो म्हणून सीनियर काय म्हणतात त्यावर जाऊ नको, डिपार्टमेंटमध्ये तुझ्या पॅटर्नचा नियम विचारून वहीत लिहून ठेव. हजेरीही सांभाळ. ७५ टक्क्यांच्या खाली गेलीस की डिफॉल्टर लिस्टला नाव लागतं आणि मग सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी जी पळापळ होते तिच्यात अभ्यासाचे दिवस वाया जातात. जर्नल ज्या आठवड्यात प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात चेक करून घ्यायचं, या एका सवयीने डिसेंबर सुसह्य होतो.

फीचं वाचून मला राहवलं नाही म्हणून विचारतेय, महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा फॉर्म भरलायस का? २०२४ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल तर, ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केलीये, प्रायव्हेट कॉलेजलाही लागू आहे. एससी-एसटीच्या योजना तर आधीपासून वेगळ्या आहेतच. तुझी कॅटेगरी तू लिहिली नाहीस, पण कॅपमधून आलीयेस म्हणजे एवढं तरी विचारून बघायलाच हवं. शिवाय पप्पा अल्पभूधारक असतील तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, रूमच्या भाड्याला हातभार लागतो. सोमवारी कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला जाऊन या दोन्हीचं विचार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक खात्याला आधार लिंक या दोन गोष्टींसाठी फॉर्म अडकतात म्हणून शनिवारी गावी जाशील तेव्हाच पप्पांना ते काम आठवड्यात उरकायला सांगून ये. पोर्टलची शेवटची तारीख गेली की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही.

लॅपटॉप आत्ता घेऊ नकोस. फर्स्ट इयरचं प्रोग्रामिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होतं, लॅबच्या वेळेनंतर बसायचं असेल तर लॅब असिस्टंटना विचारलं की बसू देतात, आणि घरी सराव वहीत कोड लिहून करायचा, ओरलला आणि पेपरात हातानेच लिहायचं असतं. रूममेटचा तासभर मिळाला तर बोनस. सेकंड इयरला लागेल, तेव्हा सीनियर्सना विचारून तुमच्या ब्रँचच्या सॉफ्टवेअरला पुरेल असा घे, चांगला सेकंडहँड मिळाला तरी पुष्कळ झालं. त्यासाठी पप्पांना आत्ता कर्ज काढायला लावू नकोस.